दहावीच्या फाट्याआधी

पुढं काय करायचं, याचा विचार मुलानं कितवीत असताना सुरू करावा? छत्रपती संभाजीनगरात या प्रश्नाला सध्या दोन उत्तरं मिळतात आणि दोन्ही ठामपणे दिली जातात. चौकाचौकांतल्या क्लासच्या फलकांवरचं उत्तर असं, की सातवी-आठवीतच ‘फाउंडेशन बॅच’ला नाव घाला, नाहीतर उशीर झाला. घरातल्या वडीलधाऱ्यांचं आणि बऱ्याच शिक्षकांचं उत्तर असं, की लेकराला आत्ताच कशाला घोर लावता, दहावीचे मार्क तर येऊ द्या, मग बघू. पहिल्यात घाई आहे, दुसऱ्यात माया आहे. पण विचार करणं म्हणजे ठरवून टाकणं, असं दोघंही धरून चालतात, आणि माझा मतभेद तिथं आहे. विचार आठवीत, खरं तर त्याच्याही आधी सुरू व्हायला हवा. निर्णय मात्र जितका पुढं ढकलता येईल तितका ढकलावा. जे थोडे निर्णय ढकलताच येत नाहीत, त्यांच्या तारखा घरात वेळेवर माहीत असाव्यात. आज आपल्याकडं नेमकं उलटं चाललं आहे. निर्णय लवकर होतो आणि माहिती उशिरा येते.

मराठवाड्यात हा प्रश्न पडावा, हीच मुळात फार जुनी गोष्ट नाही. निजामाच्या राजवटीत १९२३ साली औरंगाबादेत, म्हणजे याच शहरात, इंटरमिजिएट कॉलेज निघालं. त्यापुढची पदवी हवी तर हैदराबाद गाठायचं आणि उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकायचं. ऐपत आणि भाषा, दोन्ही आडव्या यायच्या. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं इथं महाविद्यालय सुरू केलं. तेच मिलिंद महाविद्यालय. ज्या घरांत त्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, त्या घरांतली मुलं खेड्यांतून येऊन महाविद्यालयाच्या नागसेनवन परिसरात राहिली, शिकली, आणि त्यांतून प्राध्यापक, वकील, अधिकारी, लेखक झाले. १९५६ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आलं, ज्याला सगळा मराठवाडा ‘घाटी’ म्हणून ओळखतो. २३ ऑगस्ट १९५८ रोजी विद्यापीठ स्थापन झालं. १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि देवगिरी महाविद्यालय, १९६३ मध्ये मौलाना आझाद महाविद्यालय. अवघ्या तेरा-चौदा वर्षांत एवढं उभं राहिलं. तरीही नोकऱ्या आणि विकासाचा अनुशेष इतका होता, की १९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलन पेटलं ते विद्यार्थ्यांच्या पुढाकारानं.

आजच्या मुलांचे आजी-आजोबा त्या काळात वाढले. त्यांनी घाटी पाहिली, अभियांत्रिकी महाविद्यालय पाहिलं, तहसील आणि जिल्हा परिषद पाहिली. डॉक्टर, इंजिनिअर, सरकारी नोकरी एवढेच पर्याय त्यांच्या तोंडी आले ते समज कमी होती म्हणून नव्हे. त्यांना तेवढीच दारं उघडताना दिसली होती. त्यांच्या सल्ल्याला हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. अडचण एवढीच, की दारं वाढली तरी सल्ला तोच राहिला.

दहावी हा फाटा कसा झाला, हेही पाहायला हवं. पूर्वी अकरावीची मॅट्रिक असायची. १०+२+३ हा आकृतिबंध महाराष्ट्रानं स्वीकारला आणि १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. तेव्हापासून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलापुढं कला, वाणिज्य आणि विज्ञान असे तीन रस्ते येतात, आणि शिवाय डिप्लोमा व आयटीआय. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं शाखाशाखांमधल्या पक्क्या भिंती नकोत असं म्हटलं. पण अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरताना मुलाला आजही शाखा निवडावीच लागते. २०२५-२६ पासून ही केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया सगळ्या राज्याला लागू झाली. आधी ती मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरती होती. आता कन्नड, सिल्लोड, वैजापूरचं मूलही त्याच अर्जात दहापर्यंत महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरतं. दहा पसंतीक्रम भरायचे म्हणजे दहा महाविद्यालयांची काही तरी माहिती हवी. ती बहुतेकांना नसते. मित्रानं जे भरलं ते, किंवा नेट कॅफेवाल्यानं सुचवलं ते, अशा रीतीनं कितीतरी अर्ज भरले जातात.

या फाट्यावर सगळ्यांत कमी समजून घेतलेली गोष्ट म्हणजे गणित. ‘गणित सोडलं’ हे वाक्य आपल्याकडं सुटकेच्या सुरात बोललं जातं. डॉक्टरच व्हायचंय, मग गणित कशाला, म्हणून अकरावीत जीवशास्त्राच्या जोडीला दुसराच विषय घेतला जातो. नीटला गणित लागत नाही, हे खरं. पण ज्या मुलाचं नीटमध्ये जमलं नाही, त्याच्यापुढं बारावीनंतर अभियांत्रिकीचे नेहमीचे अभ्यासक्रम राहत नाहीत, वास्तुशास्त्राची पदवी राहत नाही, संख्याशास्त्र अवघड होऊन बसतं. एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, भूदलासाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते. नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतंच. पंधराव्या वर्षी एका विषयाचा कंटाळा आला म्हणून वैमानिक होण्याची वाट बंद झाली, हे अठराव्या वर्षी कळतं. उलट बाजूनं वाट थोडी सैल झाली आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवलं, की बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यालाही नीट देता येईल. म्हणून ज्याला गणिताची भीती नाही आणि ज्याचं अजून ठरलेलं नाही, त्यानं भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र असे चारही विषय ठेवावेत, असं मला वाटतं. ओझं वाढतं, हे मान्य. ज्याला गणित खरोखर झेपत नाही त्याच्यावर ते लादू नये. पण सोडायचं तर सोबत काय काय सुटतं हे बघून सोडावं.

विषयांसारखंच परीक्षांच्या नियमांचं आणि तारखांचं. राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात. तरीही ‘अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष’ ही समजूत इथं घट्ट आहे. जेईई अॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोनच वर्षांत, दोनदाच देता येते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट परीक्षा बारावीच्या बोर्डाआधी, डिसेंबरात होते. कोणत्याही शाखेच्या मुलाला ती देता येते. शहराच्या कांचनवाडीत २०१७ पासून महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ चालू आहे, तरी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या शाळांत क्लॅटचं नाव काढलं तर मुलं एकमेकांकडं बघतात. बारावीच्या निकालानंतर वकिली सुचली, तर त्या वर्षीची क्लॅट सहा महिन्यांपूर्वी होऊन गेलेली असते.

काही दारं तर दहावीलाच बंद होतात, आणि त्यांतली दोन याच शहरात आहेत. सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, म्हणजे एसपीआय, राज्य सरकारनं १९७७ मध्ये इथं सुरू केली. एनडीएत मराठी मुलं कमी जातात, ही त्यामागची चिंता होती. मुलगा दहावीत शिकत असतानाच अर्ज करावा लागतो, मग लेखी परीक्षा, मग मुलाखत. निवड झालेली मुलं अकरावी-बारावी तिथंच राहून करतात आणि एनडीएची तयारी करतात. दहावीचा निकाल लागल्यावर चौकशीला गेलेल्या पालकाला सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानं मुलींना एनडीएची परीक्षा खुली झाली, २०२३ मध्ये नाशिकला मुलींसाठी अशीच संस्था सुरू झाली, आणि मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. आज नववीत असलेल्या गंगापूरच्या एखाद्या मुलीसाठी ही बातमी थेट कामाची आहे. तिच्या वर्गात ती कुणी सांगितली का, हा प्रश्न.

दुसरं दार चिकलठाणा एमआयडीसीत आहे. इंडो-जर्मन टूल रूम. दहावीनंतर इथं टूल अँड डाय मेकिंगची पदविका करता येते. कारखान्यात जो कुठला प्लास्टिकचा किंवा पत्र्याचा भाग हजारोंनी निघतो, त्याच्यामागं कुणीतरी बनवलेला अचूक साचा असतो. तो साचा बनवणाऱ्या कारागिराला वाळूजपासून जर्मनीपर्यंत मागणी आहे. तरी आपल्याकडं हुशार मुलानं डिप्लोमाला जाणं घरात कमीपणाचं मानलं जातं. हिशोब मांडून पाहावा. दहावीनंतर तंत्रनिकेतनाचा तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग थेट द्वितीय वर्षाला प्रवेश घेऊन तीन वर्षांची अभियांत्रिकी पदवी, म्हणजे सहा वर्षं. अकरावी, बारावी आणि चार वर्षांची पदवी, म्हणजेही सहाच वर्षं. पहिल्या वाटेवर तीन वर्षांनी हातात नोकरीला पुरेल अशी पदविका असते आणि डिप्लोमाच्या प्रवेशाला सीईटी लागत नाही. आयटीआय झालेल्यालाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय आहे. ज्या घराचा रोजचा खर्च बापाच्या रोजच्या कमाईवर चालतो, त्या घरानं हा हिशोब आठवी-नववीतच मांडायला हवा.

आता क्लासच्या प्रश्नाकडं येऊ. मराठवाड्याला स्पर्धा परीक्षेच्या तयारीचा धडा लातूरनं दिला. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे तेव्हाचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांना ‘लातूर पॅटर्न’चं जनकत्व दिलं जातं. कसून सराव, पुन्हा पुन्हा चाचण्या, मुलामागं लागून अभ्यास करून घेणं. त्यातून खेड्यातली मुलं मेडिकलला गेली, हे मोठं काम होतं आणि ते महाविद्यालयात, शिक्षकांच्या हातून झालं. नंतर तीच पद्धत खासगी क्लासनी उचलली. आता संभाजीनगरात अशी कितीतरी मुलं आहेत ज्यांचं नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात असतं आणि दिवस मात्र क्लासमध्ये जातो. वर्ग, प्रयोगशाळा, स्नेहसंमेलन, वादविवाद, यांतलं काहीच त्यांच्या वाट्याला येत नाही. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये प्रवेश देऊ नये असं सांगितलं आहे. आठवीच्या फाउंडेशन बॅचचे फलक तरीही झळकतातच.

नीटचे आकडे प्रत्येक पालकानं एकदा शांतपणे वाचावेत. २०२५ मध्ये २२ लाखांहून जास्त मुलांनी ही परीक्षा दिली. देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत, आणि त्यांतल्या साधारण निम्म्याच सरकारी. राज्यात वैद्यकीय प्रवेशाच्या ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना देणारं ७०:३० हे सूत्र सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झालं. मराठवाड्यात महाविद्यालयं कमी असल्यामुळं ते इथल्या मुलांना अडचणीचं होतं, त्यामुळं तो निर्णय योग्यच होता. नंतर धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली इथं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आली. जागा वाढल्या, पण स्पर्धा त्याहून वाढली. जे मूल जीवशास्त्रात खरंच रमतं त्यानं जरूर झुंजावं. पण ज्याला आठवीत ‘तू डॉक्टर’ म्हणून बसवलं, ज्यानं दोनदा ड्रॉप घेतला आणि जे विसाव्या वर्षी पुन्हा पहिल्या पायरीवर उभं आहे, त्याची ती वर्षं कुणी भरून देत नाही. घाईनं ठरवण्याची किंमत अशी असते, आणि ती मूल मोजतं.

ही माझी एकट्याची समजूत नाही. ऑफर मालामुद या अर्थतज्ज्ञानं इंग्लंड आणि स्कॉटलंडची तुलना केली होती. इंग्लंडमध्ये विद्यापीठात शिरतानाच विषय पक्का करावा लागतो. स्कॉटलंडमध्ये पहिली दोन वर्षं अनेक विषय चाखता येतात. शिकून बाहेर पडल्यावर आपल्या विषयाशी संबंध नसलेल्या कामाकडं वळणाऱ्यांचं प्रमाण इंग्लंडमध्ये जास्त आढळलं. ज्यांनी लवकर ठरवलं त्यांनाच पुढं जास्त वेळा रस्ता बदलावा लागला, कारण आपल्याला काय जमतं हे कळायच्या आधीच त्यांना ठरवावं लागलं होतं. उशिरा ठरवणारे मागं पडतात, या आपल्या भीतीला हा चांगला उतारा आहे.

पण मग विचारही उशिराच का करू नये? त्याचं उत्तर लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात आहे. मूल कामं निवडत जातं त्याआधी ती वगळत जातं, असं त्यांचं म्हणणं. सहा ते आठ या वयात ‘हे बायकांचं, हे पुरुषांचं’ म्हणून काही कामं बाद होतात. नऊ ते तेरा या वयात ‘हे आपल्यासारख्यांचं नाही’ किंवा ‘हे हलकं’ म्हणून आणखी काही जातात. आपल्याला आवडतं काय, याकडं मूल चौदानंतर वळतं, तोवर यादी अर्धी झालेली असते. ओईसीडीचा २०२० चा अहवाल याला जुळतो. ४१ देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांना विचारलं, की तिशीत तुम्ही काय करत असाल. ४७ टक्के मुलं आणि ५३ टक्के मुली मोजक्या दहा कामांचीच नावं घेत होत्या. त्यांत अनेक श्रीमंत देशही होते. आपल्या पडेगाव-मिसारवाडीच्या शाळेत ही यादी किती लांब असेल याचा अंदाज कुणालाही करता येईल. म्हणून मुलाला अनेक कामं दाखवणं पाचवी-सहावीत सुरू व्हायला हवं. दहावीत समुपदेशक आणून बसवला तर तो उरलेल्या दोन-तीन नावांमध्येच निवड करून देऊ शकतो.

सरकारनं प्रयत्न केला नाही, असं म्हणता येणार नाही. २०१६ पासून काही वर्षं राज्य मंडळानं श्यामची आई फाउंडेशनच्या सोबतीनं दहावीच्या सगळ्या मुलांची कलचाचणी घेतली. ललित कला, वाणिज्य, कृषी, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांकडं मुलाचा ओढा किती, हे त्यातून सांगितलं जाई. इतक्या मोठ्या संख्येनं, फुकट, खेड्यापाड्यांतल्या मुलांपर्यंत असं काही पोचणं हीच मोठी गोष्ट होती. पण ती घेतली जाई दहावीच्या वर्षात, बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर. हाती आलेला अहवाल वाचून दाखवणारं, त्यावर मुलाशी आणि पालकाशी बोलणारं माणूस बहुतेक शाळांत नव्हतं. शिवाय कल म्हणजे आवड. क्षमता ही वेगळी गोष्ट, आणि तिची चाचणीही वेगळी लागते. ही चाचणी बंद पडली तेव्हा फारशी हळहळ झाली नाही. माझ्या मते ती आठवीत आणून, प्रत्येक केंद्रात एक शिक्षक त्यासाठी तयार करून, चालू ठेवायला हवी होती. आज पैसे असलेले पालक खासगी अभिक्षमता चाचण्या करून घेतात, बाकीचे राहतात. २०२० मध्ये युनिसेफच्या मदतीनं आलेलं महाकरिअर पोर्टल चांगलं आहे, पण पडद्यावरची माहिती एकटं मूल किती पचवणार?

याहून मोठी सोय आपल्या अंगणात आहे आणि आपण ती वापरत नाही. ती म्हणजे हे शहर. एकाच गावात इतकी वेगवेगळी कामं चालतात, हे भाग्य महाराष्ट्रात फार थोड्या जिल्ह्यांना आहे. वाळूजला १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना आला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या शेकडो लहान-मोठ्या कारखान्यांचं जाळं विणलं गेलं. शेंद्र्याला स्कोडा आली. शेंद्रा-बिडकीनला ऑरिक हे औद्योगिक शहर वसतं आहे. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर आणि एथर एनर्जी यांनी तिथल्या गुंतवणुकीच्या घोषणा केल्या. आज आठवीत असलेलं मूल पदवी घेऊन बाहेर पडेल तेव्हा २०३४ च्या आसपासचं साल असेल. त्या वेळी इथं विजेवर चालणाऱ्या गाड्यांची, बॅटरीची, यंत्रमानव चालवण्याची कामं असतील, असं धरायला जागा आहे. मात्र एका कंपनीवर किंवा एका लाटेवर आयुष्य बांधू नये, हेही याच शहरानं शिकवलं आहे. चितेगावच्या व्हिडिओकॉननं कितीतरी घरं चालवली, आणि २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्यांच्या हातात दुसरीकडं चालेल असं कसब होतं, ते तरले. म्हणून मुलाला ‘कुठली कंपनी’ विचारण्यापेक्षा ‘कुठलं काम हातात हवं’ हे विचारावं.

आणि कारखाने म्हणजे सगळं शहर नव्हे. गुन्ह्याच्या तपासात रक्त, विष, हस्ताक्षर यांची तपासणी कशी होते हे शिकवणारी शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था इथं आहे, आणि बारावी विज्ञाननंतर तिथं पदवी करता येते. विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे, पर्यटनाचा आहे, रसायन तंत्रज्ञानाचा आहे. महागामीत कथ्थक आणि ओडिसी शिकवलं जातं. प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णी यांची ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था याच गावातून निघाली आणि ‘चारचौघी’सारखं नाटक मराठी रंगभूमीला मिळालं. अजिंठा-वेरूळ १९८३ पासून जागतिक वारसा आहे, तरी जपानी किंवा फ्रेंच शिकून तिथं मार्गदर्शक व्हावं असं किती मुलांना सुचतं? पाणी-जमीन व्यवस्थापनाची वाल्मी संस्था पैठण रस्त्यावर आहे. दुष्काळ ज्यांच्या घरात दरवर्षी येतो, त्या मुलांनी पाण्याचं शास्त्र शिकावं, यापेक्षा जवळचं काय असेल? शाळेची सहल दौलताबादला जाते, बीबी का मकबऱ्याला जाते. ती जावीच. तिच्या जोडीला एक फेरी एखाद्या टूल रूममध्ये, एक न्यायालयात, एक वृत्तपत्राच्या छापखान्यात का जाऊ नये?

इथवरची चर्चा ज्यांना निवड करता येते त्यांची झाली. मराठवाड्यात अनेक मुलांचा प्रश्न वेगळाच आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं मूल दिवाळीनंतर शाळेत दिसत नाही. त्यांच्यासाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली, तिची गरज किती आहे हे बीड-जालन्याच्या गावांत गेलं की कळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर स्त्रियांमागं सुमारे २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. मराठवाड्यातल्या अनेक जिल्ह्यांत हे प्रमाण त्याहून बरंच वर आहे. अशा घरात मुलगी आठवीत असतानाच तिच्या पुढच्या शिक्षणाची वाट, खर्च आणि वसतिगृह यांची खात्री आईवडिलांना पटवून दिली, तर लग्नाची बोलणी दोन-चार वर्षं तरी थांबतात. लवकर विचार करण्याची खरी गरज या मुलींना आहे. सुखवस्तू घरातल्या मुलाचा विचार दोन वर्षं लांबला तर फारसं बिघडत नाही.

आणि त्या खात्रीसाठी सांगण्यासारखं पुष्कळ आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. महाज्योती या सरकारी संस्थेकडून ओबीसी आणि भटक्या-विमुक्त मुलांना दहावीनंतर जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी टॅबलेट आणि ऑनलाइन शिकवणी मिळते. बार्टी आणि सारथी या संस्थाही आपापल्या घटकांसाठी काम करतात. आठवीत एनएमएमएस ही परीक्षा असते: सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या, साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलानं ती मिळवली, तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. हे पैसे पुस्तकांना, एसटीच्या पासाला, मोबाइलच्या रिचार्जला पुरतात. आणि ही परीक्षा आयुष्यात एकदाच, आठवीतच देता येते.

कागदांचं तर विशेष सांगायला हवं. जात वैधता प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जातींना १९५०, भटक्या-विमुक्तांना १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ च्या आधीचे पुरावे दाखवावे लागतात. मराठवाड्यात ते जुने कागद निजामकाळातले असतात, कुठं उर्दूत, कुठं मोडीत. आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायचा, तहसीलमधून नक्कल काढायची, ती वाचणारा माणूस गाठायचा, यात महिने जातात. बारावीनंतर प्रवेशाच्या कॅप राउंडच्या तोंडावर ही धावपळ सुरू झाली की मिळालेली जागा हातची जाते. गुण असून कागदासाठी प्रवेश हुकणं याइतकं जिवाला लागणारं दुसरं काही नाही, आणि हे टाळणं पूर्णपणे आपल्या हातात आहे. नववीची उन्हाळी सुट्टी आजोबांच्या पेटीतले कागद काढायला फार योग्य. उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि नॉन-क्रिमीलेअर यांचंही तसंच.

तेव्हा पालकांना माझं सांगणं असं. पाचवी ते सातवी मुलाला काय होणार हे विचारू नका. त्याला माणसं आणि कामं दाखवा, आणि कुठल्याही कामाला त्याच्यासमोर हलकं म्हणू नका. आठवीत एनएमएमएसची परीक्षा द्यायला लावा, निकाल काहीही लागो. नववीत एकदा सगळं घर बसून दहावीनंतरच्या वाटांचा आणि पैशांचा हिशोब मांडा, मुलाला त्या बैठकीत बोलू द्या. दहावीत शाखा निवडताना ज्या वाटेनं सर्वांत जास्त दारं उघडी राहतील ती धरा, तिथं मूल गुदमरणार नसेल तर. मुलाला चित्र, वकिली, शिक्षकी, इतिहास यांत खरी गोडी असेल, तर ‘मार्क चांगले आहेत, मग आर्ट्स कशाला’ हे वाक्य तोंडातून काढू नका. आणि पंधराव्या वर्षी ठरवलेलं अठराव्या वर्षी बदललं, तर त्याला अपयश म्हणू नका.

शाळांना आणि उद्योगांना एक विनंती. मसिआ आणि सीएमआयएसारख्या उद्योजकांच्या संघटना या शहरात जाग्या आहेत. त्यांच्या सभासदांनी वर्षातला एक दिवस आपल्या कारखान्याचं दार जवळच्या जिल्हा परिषद आणि महापालिका शाळेच्या नववीच्या वर्गाला उघडून द्यावं, आणि यंत्रावर काम करणाऱ्या माणसालाच मुलांशी बोलू द्यावं. मुख्याध्यापकांनी येत्या जूनमध्ये नववीच्या वर्गाबाहेर एक कागद लावावा: एनडीएपूर्व संस्थेचा अर्ज, टूल रूमची प्रवेश परीक्षा, डिप्लोमा आणि आयटीआयचे अर्ज, अकरावीची नोंदणी, वसतिगृहांचे अर्ज, प्रमाणपत्रांची यादी, सगळ्यांच्या तारखांसह. आणि पहिल्याच पालकसभेत तो मोठ्यानं वाचून दाखवावा.